पऱ्हाटीचं लपण

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी माझ्याच पक्षीनिरीक्षणावर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ करत होतो. पाणी कडकडीत असायचं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

साठ सालानंतरचे दिवस. अकोल्याच्या जठारपेठेत वाढलेला मी, मास्तर होऊन जाऊन पडलो तो थेट सासुरवाडीच्या गावात, परतवाड्याच्या पलीकडे, मेळघाटच्या पायथ्याशी. (सासुरवाडीला बदली होणं याला सरकार शिक्षा म्हणत नाही. सरकारला सासुरवाडी नसते.) गावाबाहेर जंगलखात्याचा राखीव तलाव होता. शिकारीला बंदी, त्यामुळे थंडी पडली की तिथं पाखरांची नुसती जत्रा! मी एका मित्राकडून जुनी दुर्बीण पैदा केली आणि स्वतःला पक्षीनिरीक्षक म्हणून जाहीर करून टाकलं.

आता वऱ्हाडात हिवाळा म्हणजे कापूस. वेचणी, गाड्या, जिनिंग. माणसाला शिंकायलाही फुरसत नाही. अशा दिवसांत धडधाकट जावई रविवारच्या रविवार तलावावर पालथा पडून बदकं बघतो, हे मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सहन होईना. मामाजींचा आवाज असा, की त्यांनी आपल्या बैलांना हाक दिली तर शेजारच्या गावचेही थांबत.

"जवाईबुवा," ओसरीवर चारचौघांत त्यांनी विचारलं, "तुमी तिथं करून काय राहिले?"

"निरीक्षण."

"मंग? पाह्यल्यानं वाढतात का पाखरं?"

ओसरी हसली. मी चिडलो आणि तिथंच माझा घात झाला. "मामाजी, तुमच्या तलावावर सारस उतरतात! माणसाएवढा पक्षी, लाल डोकं! येत्या रविवारी दाखवतो!"

(मी स्वतः सारस कधी पाहिला नव्हता. पहाटे त्याचं ओरडणं ऐकलं होतं आणि चिखलात पावलं पाहिली होती. पण चिडलेला माणूस एवढा खुलासा करत बसत नाही.)

"मले दाखवले, त रविवार तुमचे," मामाजी म्हणाले. "नाई दाखवले, त हिवाळाभर दर रविवारी माह्या कापसावर यायचं. कबूल?"

"कबूल!"

आत माझ्या बायकोनं, कुसुमनं, कपाळावर हात मारला. त्याचा आवाज ओसरीपर्यंत आला.

सारस माणसाला बुजतो. तेव्हा लपण हवं. म्हणजे आत बसून पाखरांना न दिसता बघता येईल असं खोपट. तलावाशेजारच्या एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उपटलेल्या पऱ्हाटीचा ढीग पडला होता. कापसाच्या त्या वाळक्या झाडांचं मी काठावर झकास लपण उभं केलं. सुतळी नव्हती, म्हणून माझ्या जुन्या पायजम्यांच्या नाड्यांनी ते बांधलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर लपण गायब! पुन्हा बांधलं, पुन्हा गायब! मी रानडुकरांवर संशय घेतला. जंगलखात्याच्या गार्डाकडे डुकरांची तक्रारही केली.

मग एका सकाळी आंघोळीच्या पाण्यासाठी चुलीजवळ ताटकळत बसलो होतो. कुसुम जळण आत सारत होती. त्या जळणाला माझी नाडी लोंबत होती.

"ही पऱ्हाटी कुठली?"

"तलावावरची. मायनं धाडली. कोनीतरी रोज मस्त रचून ठेवते म्हने तिथं."

"कोणीतरी नाही, मी!"

"तुमी?" कुसुमचा चेहरा कौतुकानं भरून आला. "अवो, मंग एवढ्या दूर काहून रचता? घरीच आनून टाका ना!"

शनिवारी संध्याकाळी मी शेवटचं लपण बांधलं आणि रविवारी उजाडताना मामाजींना घेऊन आत शिरलो. बाहेर धुकं. बघायला भोक एकच आणि त्याच्यापुढे मामाजी. बोलायचं नाही, हे त्यांना तीनतीनदा बजावलेलं. तेवढ्यात वर कर्ण्यासारखा आवाज झाला आणि पाण्याच्या काठाशी काहीतरी मोठं, पाठोपाठ आणखी एक, फडफडत उतरलं. सासऱ्यांच्या आधी आपण बघणं बरं दिसत नाही, म्हणून मी दुर्बीण त्यांच्यापुढे धरली. "मामाजी, आले! घ्या, आधी तुम्ही."

मामाजी घेईनात. ते भोकाकडे पाठ करून बसले होते आणि लपणाची भिंत न्याहाळत होते.

"बोंडं सोडले की राजेहो!" ते कुजबुजले. "हे पऱ्हाटी कोनाच्या वावरातली?"

"असेल कोणाची तरी. मामाजी, सारस!"

"कोनाची तरी? हे आपल्याच वावरातली हाय! पाहा, केवढा कापूस राह्यला झाडाले! कोनं वेचला हा?"

आणि त्यांनी तो वेचायला घेतला! धोतराचा ओचा केला आणि एकेक बोंड खुडून त्यात टाकू लागले. सारस दहा पावलांवर, मधे मामाजींची पाठ. ती पाठ एवढी रुंद, की मलाही काही दिसेना. मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी तो नमस्कार समजून मला आशीर्वाद दिला.

एवढ्यात मागची भिंत हलली. बाहेरून कोणीतरी पऱ्हाटी ओढत होतं! ओरडावं तर पाखरं उडणार. मी आतून ओढली. बाहेरून दुप्पट जोरानं ओढली गेली. आत मामाजी कापूस काढतायत, बाहेरून कोणी काड्या काढतंय, आणि मधे मी दोन्हीकडे हात जोडतोय! शेवटी अख्खी भिंत गेली आणि उजेडात मामीजी, माझ्या सासूबाई, डोक्यावर भारा घेऊन उभ्या दिसल्या.

"अवं माय! तुमी दोघं माह्या जळणात काहून बसले?"

"हे पाह्य!" मामाजींनी बैल थांबवायचा आवाज लावला. "तुह्या वेचनाऱ्यायनं केवढा कापूस सोडला!"

तलाव एकदम रिकामा झाला. मामीजी वर बघत म्हणाल्या, "अगाई! केवढाले पाखरं! डोकं कसं लाल हाय!" मी वळलो, तेवढ्यात उरलेलं लपण माझ्या डोक्यावर कोसळलं. त्यातून बाहेर पडलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं.

"दिसले ना?" मी शेवटची आशा धरली.

"तिले दिसले. कबूल झालं होतं मले दाखवाचं."

पुढच्या रविवारपासून मी कापसावर. काम सोपं होतं: गाडीला चारी बाजूंनी काड्यांच्या भिंतींसारखे उंच ताटवे लावायचे, आत कापूस भरायचा आणि जावयानं आत उभं राहून तो तुडवायचा. ताटव्यांच्या वर फक्त आभाळ दिसे. मी निमूटपणे तुडवत होतो आणि माझ्या गेलेल्या रविवारांबद्दल मला खरोखर रडू येत होतं. तोच बाहेरून हाक आली, "जवाईबुवा! सारस! आपल्या वावरात उतरले! दोघं!"

सगळे धावले. मीही उडी मारली, आणि कापसात गळ्यापर्यंत रुतलो! जितकी धडपड करावी, तितका आत. कुसुमनं येऊन बखोटीला धरून ओढून काढलं, तोवर सगळं गाव सारस बघून परत येत होतं. मामाजींनी तर ते माझ्या दुर्बिणीतून पाहिले होते.

संध्याकाळी त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि सारस कसा असतो, कसा चालतो, मान कशी वाकवतो, सगळं तपशीलवार समजावून सांगितलं. सोमवारी मी ते शाळेत शिकवलं. पोरांनी विचारलं, "गुरुजी, तुमी पाह्यला?" मी दुर्बीण पुसत म्हणालो, "अरे, आयुष्य काय उगाच घातलं का निरीक्षणात?"