मेलेल्या इंजिनाचा कूलर

आमच्या बेबीनं गाडीचं इंजिन मारलं असं ज्याला म्हणायचंय, त्यानं माझ्या तोंडावर येऊन म्हणावं. पाठीमागं कुजबुजायला काय, जीभ सगळ्यांनाच असते.

बेबी माझी धाकटी बहीण. चाळिशीला आली, केस पांढरे व्हायला लागले, तरी घरात बेबीच. मी नववीत शाळा सोडून मालाचा टेंपो धरला, पण तिला मोटार मेकॅनिकचं शिक्षण द्यायला लावलं ते मीच. नातेवाईक नाकं मुरडायचे. "मुलीचे हात काळे करायला निघालाय." मी म्हटलं, हात काळे झाले तर साबण आहे, तुमची तोंडं कशानं धुवायची? तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे जरा कमीच येतात. बरंच झालं.

बेबीचा हात म्हणजे काय सांगू! स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक चालू इंजिनाला टेकवते, दुसरं कानाला लावते आणि आत काय दुखतंय ते सांगते. माझा टेंपो तिनं दोनदा मरणाच्या दारातून ओढून आणलाय. तिचा दोष एकच. माणसाशीही ती नट आवळल्यासारखी बोलते, पुरता घट्ट बसेपर्यंत सोडत नाही. म्हणून तिचं लग्न जमलं नाही असं आई म्हणते. तिला झेपेल असा नवरा जन्मलाच नाही, असं मी म्हणतो.

ती कामाला होती ते वर्कशॉप शर्यतीत पळणाऱ्या महागड्या गाड्यांचं. फरशी अशी चकचकीत की चप्पल काढून आत जावंसं वाटावं. एका कोपऱ्यात मालकाची काचेची केबिन, आत गार हवा. बाहेर बेबी आणि काका, दोघंही घामाघूम. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने मिस्त्री. बेबी नवीन होती तेव्हा इंजिन उघडायला तिला त्यांनीच शिकवलं. माणूस सोन्यासारखा, पण तोंडातून 'नाही' हा शब्द उभ्या जन्मात निघाला नाही.

तर एक गाडीवाला आला. निळीशार गाडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. सुट्टीच्या दिवशी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचा. तिथं तेल फार तापायचं, म्हणून त्याला ऑइल कूलर बसवून हवा होता. कूलर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनातलं तापलेलं तेल पाइपातून पुढं बंपरमागं येतं, वाऱ्यानं गार होतं आणि परत आत जातं. बेबीनं दोन दिवस जीव ओतला. कूलर धरून ठेवायचे ब्रॅकेट स्वतः कापून बनवले. पाइप कुठं धारेला घासू नयेत म्हणून प्रत्येक भोकात रबर बसवलं. मी डबा द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिलं, पाइप असे गेले होते जणू कारखान्यातूनच तसे आले असावेत.

राहिला फक्त कूलर. तो गाडीवाल्यानं स्वतःच आणला, मित्राच्या गाडीवरून काढलेला. बेबीनं विचारलं, "मित्राच्या गाडीला काय झालं?"

"इंजिन फुटलं हो. कूलरला काही झालेलं नाही. धुवून घेतलाय."

झालं! बेबीनं कूलर त्याच्या हातात परत ठेवला. "हा मी बसवणार नाही. फुटलेल्या इंजिनाचा धातूचा कीस यात अडकलाय. कितीही धुवा, बारीक नळ्यांतून निघत नाही. तेल तापून जोरात धावलं की निघतो, आणि तुमच्या इंजिनात जातो. नवा आणा."

गाडीवाला केबिनमध्ये गेला. थोड्या वेळानं मालक बाहेर आले. "अगं, गिऱ्हाईक म्हणतंय तर बसव ना! त्याची गाडी, त्याचा कूलर."

"गाडी त्याची आहे, हात माझे आहेत," बेबी म्हणाली आणि दुसऱ्या गाडीखाली शिरली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली तर निळी गाडी जागेवर नव्हती. काका खाली मान घालून एकच पाना पुसत बसलेले. तिनं विचारलं, "बसवलात?" काकांनी होकारार्थी मान हलवली. मालकांनी सांगितलं होतं. आणि काकांना 'नाही' म्हणता येत नव्हतं, हे मी सांगितलंच.

पुढं काय झालं हे सांगायला ज्योतिषी नको. ट्रॅकवर इंजिन जाम झालं आणि निळी गाडी क्रेनला लटकून परत आली. गाडीवाला पेटला होता. आणि मालकांनी काय करावं? बेबीला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "उद्या तो येतोय. पाइप तू टाकलेस, म्हणजे काम तुझंच. 'माझ्याकडून चुकलं, सॉरी' एवढंच म्हण. गिऱ्हाईक टिकेल. तुलाही मी सांभाळून घेईन."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच! अहो, मेकॅनिकच्या धंद्यात एकदा इंजिन मारल्याचं नाव लागलं की माणूस संपला. मग त्याला टायर बदलायला देतात, गाड्या धुवायला देतात, इंजिनाजवळ उभं करत नाहीत. इतक्या वर्षांची बेबीची कमाई ती एवढीच, की इंजिन अडलं की लोक म्हणतात, बाईंना बोलवा. ते सगळं त्या एका 'सॉरी'त जाणार होतं.

घरी आईनं पदर खोचला. "एक शब्द तर आहे. बोलून टाक. नोकरी तरी राहील."

"आई, तू मध्ये पडू नकोस," मी ओरडलो. "बेबी, सरळ सांग की काकांनी बसवला. ज्यानं केलं तो निस्तरेल!"

"काकांना काढतील, दादा. या वयात त्यांना कोण घेणार?"

"मग तू काय देवळातली घंटा आहेस? येईल त्यानं वाजवून जावं?"

"तू आधी हळू बोल," ती म्हणाली. "शेजारचे जेवताहेत."

दुसऱ्या दिवशी टेंपो वर्कशॉपच्या दारात लावून मी उभा राहिलो. बेबीनं डोळे वटारले, पण मी हललो नाही. माझ्या पाठच्या बहिणीला घेरलंय आणि मी भाड्याच्या मागं फिरू?

गाडीवाला आला, बंपर उघडून ठेवलेल्या गाडीपाशी उभा राहिला. मालकांनी साखर पेरली. "साहेब, आमच्या मेकॅनिकला तुमच्याशी बोलायचंय." बेबीकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली.

बेबी म्हणाली, "पाइप मी टाकलेत. एकही गळत नाही, तपासून बघा. हा कूलर बसवू नका, हे तुम्हाला मी याच जागी सांगितलं होतं."

"मग बसवला कोणी?" गाडीवाला खेकसला.

काकांचा चेहरा पांढरा पडला. माझ्या जिभेच्या टोकावर त्यांचं नाव आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण बेबी माझ्याआधी बोलली. "बसवला कोणी ते विचारू नका. बसवायला लावला कोणी, ते विचारा. ते तुमच्या शेजारी उभे आहेत. आणि आणला तुम्ही."

मालक लालबुंद झाले. "उद्यापासून यायचं नाही!"

"आजपासूनच," बेबी म्हणाली आणि आपले पाने गोळा करायला लागली. काका पुढं झाले, तिची पेटी उचलून माझ्या टेंपोपर्यंत घेऊन आले. "पोरी..." म्हणाले. परत आत गेले. मला त्या माणसाचा राग आजही जात नाही. बेबीला मात्र येतच नाही.

आणि गाडीवाला? तुमची भांडणं तुम्ही बघा म्हणाला, गाडी उचलून दुसरीकडे घेऊन गेला. चूक मान्य करायला त्यालाही तोंड नव्हतं. मालक मात्र येईल त्याला सांगत सुटले, की बाईमाणसाच्या हातात इंजिन दिलं आणि फसलो. चोराच्या उलट्या बोंबा! मी जाऊन चार लोकांत त्यांना जाब विचारणार होतो, बेबीनं टेंपोची किल्लीच लपवली.

महिनाभर ती घरी बसली. मग ट्रकांच्या वर्कशॉपला विचारायला गेली, मी बरोबर. तिथला फोरमन जाडजूड, तोंडात सुपारी. त्यानं तिच्यासमोरच जुन्या मालकाला फोन लावला, ऐकून घेतलं आणि ठेवला.

"तुम्ही सांगितलेलं ऐकत नाही म्हणे?"

"चुकीचं सांगितलं तर नाही ऐकत."

"आणि इंजिन मारलं म्हणे?"

"नाही मारलं."

मी तोंड उघडलं तर तिनं माझ्या पायावर पाय दिला. फोरमननं तिच्याकडे पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या एका ट्रकाकडे बोट दाखवलं. त्याचं इंजिन उघडून ठेवलेलं होतं. "ते तिघांनी पाहिलंय, कोणाला उमगत नाही. बघता?"

बेबीनं बाह्या वर सारल्या. मी बाहेर टेंपोत जाऊन बसलो, दार लावलं आणि इतक्या दिवसांचं पोटात साठलेलं त्या मालकाला एकट्यानंच ओरडून ऐकवलं.