दुखायच्या आधीच बसायचं

केळीच्या बागेत पाटाच्या ओल्या काठावरून पाय घसरला आणि डोक्यावरच्या घडासकट मी पाठीवर आपटले. माझं माहेर साक्रीकडचं, कोरडवाहू. सासर जळगावच्या पूर्वेला. मार महिन्याभरात भरून आला, असं सगळे म्हणाले. दुखणं मात्र राहिलं.

पुढचा उन्हाळा मी बागेच्या कडेला बाजेवर पडून काढला. दुपारी पानांतून हिरवा उजेड अंगावर सांडायचा, कुठेतरी पाणी वाहत असायचं आणि जाग कुठली, झोप कुठली, कळेनासं व्हायचं. झोपेत मी माहेरचे डोंगर चढत असायचे, कंबर कापसासारखी हलकी. कूस बदलली की कळ टाचेपर्यंत जायची आणि डोंगर विरून जायचे.

घरात कुणी टोचून बोललं नाही. पण सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, एकदा हळूच म्हणाले, "एक्स-रेच्या फोटोत तर काहीच निघालं नाही." तेव्हापासून मलाच शंका येऊ लागली. माझं दुखणं खोटं तर नसेल?

शेवटी जाऊबाई मला एसटीनं जळगावला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाठ तपासली, घाई न करता सगळं ऐकून घेतलं.

"हाड ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण दुखणं खरं आहे. मार बरा झाला तरी शरीर अजून धास्तावलेलं आहे. प्रत्येक कळ म्हणजे नवी इजा नव्हे."

"मग पडूनच राहू का?"

"पडून राहाल तर पाठ आणखी आखडेल. रोज थोडं चाला. दुखणं वाढायच्या आधीच बसा. आणि बरं वाटेल त्या दिवशीही तेवढंच चाला, जास्त नाही."

बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून रडले. कुणीतरी खरं मानलं होतं.

मी चालू लागले. केळीच्या दोन ओळींमधून, सावलीसावलीनं. एका सकाळी पाठ इतकी मोकळी वाटली की मी दिवसभर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा ढवळत बसले. संध्याकाळी उठताच येईना. त्याच आठवड्यात आई माहेराहून आली होती. गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेकता शेकता ती म्हणाली, "बठ्ठं आजच करनं शे का तुले?"

सगळं एकाच दिवसात उरकायला निघालेली मी! मला हसू आलं, आणि हसल्यानं पाठ दुखली.

मग बेत बदलला. घाटा जाऊबाई ढवळायच्या, मी बसून बिबड्या थापायचे, थोड्या वेळानं उठून विहिरीपर्यंत जाऊन यायचे. वाट लांब वाटायची. एक दिवस पाहिलं तर आबा गड्याला घेऊन वाटेच्या मध्यावर दगडांचा ओटा रचत होते. मला पाहून म्हणाले, "इथं बसत जा, बाई. मंग पुढं."

दुखणं गेलं नाही. थंडीत ते अजून वर येतं, तेव्हा मी काम अर्धं करते आणि त्याचं वाईट वाटून घेत नाही. पण त्या ओट्यावर बसून मी कितीतरी दुपारी बाग पाहिली. वाऱ्यानं पानं फाटताना होणारा तो मऊ आवाज ऐकत बसायचे, आणि मध्येच लक्षात यायचं की बराच वेळ पाठीची आठवणच झालेली नाही.