पाइपावरचे तीन ठोके

भूतबीत सांगणाऱ्याशी मी तूर विकणाऱ्याशी वागतो तसाच वागत आलो — आधी माल दाखव, मग बोल. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

रिठदला माझी छोटी दालमिल आहे. हमाली करून उभी केली, कुणाच्या बापाची नाही. ती चालवायला कमीत कमी तिघं लागतात : एक खाली माल टाकायला, एक वर चाळणीपाशी, एक पोती शिवायला. मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून वरचा माणूस लोखंडी पाइपावर ठोकतो. दोनदा — माल अडकला, थांबव. तीनदा, सावकाश — मी उतरतोय, मशीन लावू नको. खालच्यानं एकदा ठोकलं की मगच तो शिडीवर पाय ठेवतो.

वर माझा साळा सुधाकर असायचा. तो शिरपूरच्या मिलवर गेला... मला न सांगता! तिकडं जास्त मिळत होतं, तर तसं बोलायचं. घासाघीस करून मी ठेवूनच घेतला असता. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. दुसरा माणूसही ठेवला नाही. मी आणि बायको संगीता, दोघांत मिल चालवून दाखवली. वर-खाली मीच पळायचो.

मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मी खाली माल टाकत होतो. ठण्, ठण्. सवयीनं बटण बंद केलं — आणि मग आठवलं, वर तर माणूसच नाही. वर जाऊन पाहिलं. कोणी नाही. चाळणीत सुतळीचा गुंता, आणि पट्टा तुटायच्या बेतात.

“अवो, दादा आला का वर?” संगीता.

“तो कायले येते? पाइप तापला असन. तू पोते शिव!”

संध्याकाळी मशीन थांबवली. आणि त्या शांततेत तीन ठोके... सावकाश. संगीता शिडीकडे बघत राहिली.

“ठोका ना तुमी. उतरू द्या त्याले.”

“कोनाले उतरू देऊ? कोन हाय वर?” मी ओरडलो. ठोकलं नाही.

तेवढ्यात सुधाकरच्या बायकोचा फोन आला. आठवडाभर तो वाशिमला दवाखान्यात होता. सकाळीच वारला होता; मशीनच्या आवाजात तिचे आधीचे फोन आम्हाला ऐकूच आले नव्हते.

त्याच्या दारात, चार लोकांदेखत मी भडकलो. “मले काहून नाही सांगतलं?”

ती रडत म्हणाली, “सांगू देत नोते ते, भाऊजी. म्हनत, तिथं दोघंच हायेत. एक उठला का मिल बंद पडते.”

शिरपूरला जाताना सांगितलं नाही, मरतानाही नाही. माझी तक्रार अजून तीच आहे.

उन्हानं लोखंड वाजतं, हे मलाही कळतं. पण तीनदा, तेवढंच थांबून थांबून? पुष्कळांना विचारलं, उलगडा झाला नाही. आता वर माणूस ठेवलाय. तो घरी गेला की मी पाइपावर एकदा ठोकतो. आम्ही दोघं शिडीकडे बघतो. कोणी येत नाही.

मग संगीताच म्हणते, “अजून एकदा ठोका. मशीनपाशी राहून दादाले कमी आयकू येते.”