खांबेटेकाकांच्या शून्य ओळी

खांबेटेकाका संगणकाशी मराठीत बोलत. खिदिरपूरच्या आमच्या कचेरीत आम्ही बंदरातले कंटेनर कस्टममधून सोडवायचो आणि तिथे बाकी सगळ्यांशी काका झोकात बंगाली झाडायचे. नवऱ्याच्या बदलीमुळे मी कोलकात्यात आले, तिथे नोकरीला लागले आणि पहिल्याच सकाळी मागच्या टेबलावरून ऐकलं, "हं, पहिले पाचच दाखव बाबा. सगळं एकदम अंगावर ओतू नकोस." मी ताडकन उठलेच!

"अय्या, तुम्ही मराठी?"

"जन्म इथलाच. पण यंत्राशी भांडायला मराठीच लागते गं."

जहाज कंपनीची माहिती तिच्या ऑनलाइन सेवेत असायची. आम्ही बाकीचे पानामागून पान उघडून कंटेनर शोधायचो. काकांनी मात्र छोटीशी स्क्रिप्ट लिहून मध्ये डेटाबेस ड्रायव्हर बसवला होता. "हा आपला दुभाषा," ते सांगायचे. "आपण एखाद्या तक्त्याला विचारावं तसं विचारायचं. हा त्या सेवेला समजावतो आणि उत्तर ओळी-ओळींनी आणून देतो." काम झालं की जोडणी बंद करताना न चुकता म्हणत, "येतो हं, दार लावून घेतो." सियालदहच्या बाजारात मासेवाल्यालाही तेच, पहिले पाच दाखव. तो बिचारा निमूट पाच दाखवायचा.

काकू गेल्यापासून त्यांच्या घरात मराठी उरली नव्हती. मुलगा बंगळुरूला. त्याला मराठी कळायची, पण उत्तर इंग्रजीत. रविवारी काका विचारायचे, "कसा आहेस?" तो म्हणायचा, "फाइन." झाला फोन!

काकांच्या निवृत्तीला पंधरा दिवस होते. सकाळी स्क्रिप्ट चालवली तर उत्तर आलं, शून्य ओळी. आमचे साहेब दत्तबाबू खूश. "आज काज नेई!" आज कामच नाही म्हणून त्यांनी सगळ्यांना झालमुडी, म्हणजे तिकडची भेळ, मागवली. काका मात्र खुर्चीत चुळबुळत बसले.

"काल जहाज लागलंय, आणि म्हणे शून्य? शून्य ओळी म्हणजे माल नाही असं नव्हे गं. बहुतेक विचारणाराच चुकलाय."

त्यांनी प्रश्नातली 'उतरवला' ही अट काढून टाकली आणि नुसत्या पहिल्या पाच ओळी मागितल्या. पाचही आल्या की! सेवेने न सांगता नोंदीतला शब्द बदलला होता. 'उतरवला' जाऊन 'धक्क्यावर' आला होता, आणि आम्ही आपले जुनाच शब्द धरून बसलो होतो. नवा शब्द घातला तर बावीस कंटेनर निघाले. त्यात सफरचंदांचा एक, त्याच दिवशी सोडवायचा. दत्तबाबू हातातली झालमुडी तशीच टाकून धक्क्याकडे पळाले. सफरचंदं वाचली.

शेवटच्या दिवशी काकांनी स्क्रिप्ट माझ्या हवाली केली. त्यातल्या सगळ्या सूचना मराठीत होत्या, 'इथे उगाच बोट घालू नये' वगैरे. दुसऱ्या कुणाला त्या वाचता येणार नव्हत्या. पिशवी उचलताना ते एकदम म्हणाले, "याच्याशी तू बोलशील. मी आता मराठी कुणाशी बोलू?" माझे डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी मी फोन केला. "काका, कसे आहात?"

"मजेत."

पुढे काहीच नाही. मीही "बरं मग" म्हणून ठेवणारच होते, तेवढ्यात माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. अगं बाई, विचारणारीच चुकली!

"काका, आज मासेवाल्याने पहिले पाच कुठले दाखवले?"

"अगं, काय सांगू तुला! इलिश म्हणून भलताच मासा गळ्यात मारत होता लबाड..." आणि काका सुटले ते पाऊण तास. मासे, गुडघे, काकूंची आमटी, मुलाचं ते 'फाइन', सगळं आलं. माझी पोळी तव्यावर करपली, करपू दे.

शेवटी मीच त्यांच्या सवयीने म्हटलं, "येते हं काका, दार लावून घेते."



"नको गं," काका म्हणाले. "उघडंच असू दे."