ओटा आणि आक्रमिप्पु

मी शिंपी. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत घर, पुढच्या खोलीत मशीन. शाळा तमिळ, तीही चौथीपर्यंत. मराठी अक्षरं वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली, म्हणून हे लिहिता येतं. चुका असतील. वाचणाऱ्याने दुरुस्त करून वाचावं, मला सांगायला येऊ नये.

तेव्हा गावोगाव एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या. माझ्या धाकट्या भावाचा एक पाय लहानपणीच्या तापात गेलेला. दहावी झालेला, हुशार, पण कुबडीवर चालणाऱ्याला काम कोण देणार? अपंगांना टेलिफोनचं बूथ मिळतं म्हणून त्याला कोणी सांगितलं, त्याने अर्ज केला, आणि खरंच मिळालं. घरात जागा नव्हती. मी म्हटलं, ओट्यावर काचेचं खोपटं करू. आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना अरुंद ओटा होता. एका बाजूला खोपटं दाटीने बसलं असतं, पण मला ऐसपैस हवं होतं, म्हणून मी गटारावर कडप्पा टाकला, विटा रचल्या आणि ती बाजू रस्त्याकडे ओढून घेतली. किती? मापाचा माणूस मी, मला ठाऊक होतं. अडीच फूट. गल्लीत सगळ्यांनीच ओढलं होतं, कोणी पायरी, कोणी मोरी, कोणी स्कूटर चढवायला उतार. त्याने गटार झाकलं गेलं, ते साफ होईना, आणि पावसात खालच्या टोकाच्या घरांत पाणी शिरायला लागलं. तिथून तक्रारी गेल्या.

बूथ मात्र चाललं. संध्याकाळी रांग लागायची. कोणाचा मुलगा दुबईत, कोणाची लेक मुंबईत. लोक दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या ओट्यावर बसून नंबर लागायची वाट बघायचे. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आत बसायचा आणि लोक त्याला ‘सार’ म्हणायचे. त्याआधी तो गल्लीत नुसता ‘शिंप्याचा लंगडा’ होता.

एका सकाळी मुनिसिपालटीचा माणूस आला. तिशीतला, हातात टेप, बरोबर लाल रंगाचा डबा घेतलेला मजूर. घराच्या भिंतीपासून त्याने माप धरलं.

“टेप सैल धरलाय तुम्ही,” मी म्हटलं. “मी शिंपी आहे.”

“मग तुम्हीच धरा, अय्या.”

मी धरला. अडीच फूट पुढेच आलं. शर्टाचं माप असतं तर कुठे तरी मुरवता आलं असतं.

“कधीपासूनचं आहे हे?” कागदात डोकं घालून त्याने विचारलं.

“तीनशे वर्षांचं,” मी सांगितलं. “राजाबरोबर आलो आम्ही. राजाचे अंगरखे शिवायला आणलेली माणसं.”

त्याने मान वर केली नाही. “अप्पडिया,” म्हणाला, म्हणजे असं का. आणि मजुराकडे वळून, “आक्रमिप्पु. खूण कर.”

मजुराने भिंतीवर लाल फुली मारली.

आमच्या घरात मराठी, मशीनपाशी तमिळ. पण माझं तमिळ कापडाचं, गुंडीचं, ‘बुधवारी या’चं. कचेरीतलं तमिळ मला कुठलं? त्या शब्दात मला एकच ऐकू आलं, आक्रमण. आम्ही आक्रमण करून आलेले लोक म्हणून हा पोरगेला माणूस माझ्या दारात उभा राहून सांगतोय आणि वर फुली मारतोय. पुढे तो पुष्कळ बोलला. माझे कान तापले होते, त्यातलं काही आत गेलं नाही.

भावाने ऐकलं होतं. दुपारी जेवताना म्हणाला, “अण्णा, मुदत दिलीय त्यांनी. आपण होऊन अडीच फूट काढलं तर खोपटं मागे सरकवून ठेवता येईल. नाही काढलं तर लॉरी येईल आणि वरचं सगळं जाईल म्हणाला. बूथसकट.”

“आपल्याला आक्रमण म्हणाला, ते ऐकलंस का?”

“तसं नसेल ते. तो शब्द मला वाटतं...”

“दहावी झालास म्हणून मला भाषा शिकवू नको.”

तो ताट सारून उठला. कुबडी टेकत बूथमध्ये गेला आणि काच ओढून घेतली.

मी गल्लीतलं मराठी म्हणून जेवढं दार आहे तेवढं वाजवलं. आपल्याला परके म्हणतात, आक्रमण करून आलेले म्हणतात, कोणी एक वीट काढायची नाही. शब्द मी तमिळमध्ये सांगितलाच नाही, मराठी करूनच सांगितला. लोक पेटले. एक निवृत्त मास्तर होते, त्यांच्या दारापुढे स्कूटरचा उतार. ते म्हणाले, “नातवंडं मराठी विसरली, तरी आम्ही परकेच.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गल्लीत इतकी किंमत मला कधी मिळाली नव्हती. ती मला आवडली, हेही लिहून टाकतो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी खांद्यावर अंगवस्त्र टाकून मी कचेरीत निघालो. भाऊ म्हणाला, मीही येतो. तिथले जिने तुला जमायचे नाहीत म्हणून मी त्याला बसवून ठेवलं. खरं म्हणजे त्याने मध्ये बोलू नये, एवढंच.

अधिकारी पन्नाशीचा, शांत माणूस. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानेच सुरू केलं. आमच्या राजांनी पोथ्या जमवल्या, यात्रेकरूंना जेवू घातलं, ओरत्तनाडूचं छत्र, एवढी मोठी धर्मशाळा, ती कोणी बांधली?

“छत्राबद्दल तक्रार आहे का?” त्याने विचारलं. “ते आमच्या हद्दीत येत नाही.”

“आम्हाला आक्रमिप्पु म्हणालात तुम्ही,” मी म्हटलं. “आम्ही लुटायला आलो का इथे?”

खिडकीपाशी टाइप करणारी बाई आमच्यातली होती. तिचं मशीन थांबलं. तिने पदर तोंडाला लावला, मग सावरून मराठीत हळू म्हणाली, “काका, ते माणसाला नाही म्हणत. रस्त्याची जागा कोणी घेतली की तिला कागदात आक्रमिप्पु म्हणतात. त्या कोपऱ्यावरचा सायकलवाला तमिळच आहे ना? त्यालाही आक्रमिप्पुचीच नोटीस गेली.”

अधिकाऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. तिने तमिळमध्ये सांगितलं. ती सांगत असताना मी पंख्याकडे बघत होतो. अधिकारी हसला असता तर मला भांडता आलं असतं. तो हसला नाही. त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

“अय्या, उद्या सकाळी लॉरी तुमच्या गल्लीत आहे. आज काढलंत तर बूथला हात लागणार नाही.”

जिना उतरताना वर शिपायांचं हसू फुटलेलं ऐकू आलं.

टाउनबसमध्ये माझ्या मनात काय आलं ते सांगतो. गप्प बसलो तर उद्या लॉरी येईल, मोडतोड होईल, आणि गल्लीत मी ताठच राहीन. ताठ उभा राहून अन्याय सोसलेला शिंपी. जाईल ते भावाचं बूथ. आणि मास्तरांचा उतार, कोणाची पायरी, तेही. दोन थांबे जाईपर्यंत मी हे मनात घोळवलं. आपल्यामुळे सख्ख्या भावाला पुन्हा लंगडा म्हणतील की आपल्याला मूर्ख म्हणतील, हे ठरवायला मला दोन थांबे लागले.

उतरलो आणि पुन्हा दारं वाजवली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “मूळ शब्द काय होता?”

“आक्रमिप्पु.”

“तो सांगितला असतास तर त्याच दिवशी कळलं असतं. मी आयुष्यभर तमिळच शिकवलं.” एवढं बोलून त्यांनी आत मुलाला हाक मारली, पहार शोध म्हणून.

खालच्या टोकाला एक आजी राहत. मी पहिल्या फेरीत आलो तेव्हा त्या काही बोलल्या नव्हत्या. आता म्हणाल्या, “राजा-बिजा असू दे, शिंपीअण्णा. तुमचं पाणी माझ्या चुलीत येतं. तेवढं काढा.”

दुपारी चौघांनी खोपटं उचलून मागे सरकवलं आणि मी पहार घेतली. अख्खी गल्ली बाहेर उभी होती, ज्यांना वीट काढू नका म्हणून सांगितलं तीच माणसं. कोणीतरी म्हणालं, “सावकाश, आक्रमण परतवायचंय.” सगळे हसले. मी फटका घातला. अडीच फूट निघाले, कडप्पा उलटला, खालून गटाराचा काळा चिखल दिसला. तिथे थांबायचं होतं. मी थांबलो नाही. दाराच्या दुसऱ्या बाजूला वळलो.

“अण्णा, पुरे,” भाऊ आतून ओरडला. “ती बाजू आपली आहे.”

घाम डोळ्यांत जात होता. लोकांकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी तोडत राहिलो. लोक बसायचे तो मोकळा ओटा, वडिलांच्या वेळचा, भिंतीपर्यंत काढला.

सकाळी टेपवाला आला. माप बघून म्हणाला, “बूथ ठीक आहे. पण ही बाजू का काढलीत? त्यावर खूण नव्हती.”

भाऊ काच सरकवून मला म्हणाला, “दोन्ही वेळा जास्तच केलंस.” पुढे त्याने हा विषय कधी काढला नाही.

बूथ राहिलं. पण फोनला आलेली माणसं उन्हात उभी राहायची, म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकायच्या. पुन्हा ओटा बांधायला परवानगी मागायची तर त्याच कचेरीत जायचं. ते मला जमेना. मी कापड बेतायच्या फळीचं बाक केलं आणि रस्त्यावर टाकलं. तेही चालत नाही, हे मला आता कळत होतं. मुनिसिपालटीची जीप कोपऱ्यावर दिसली की मी मशीन सोडून उठायचो. बाकावरची माणसं न सांगता उभी राहायची, एखादा दुसरं टोक धरायचा, आणि आम्ही बाक आत घ्यायचो. जीप गेली की परत बाहेर. हातात मोबाइल येऊन बूथ बंद पडेपर्यंत हे चाललं. भाऊ काचेतून बघायचा आणि फोनवरच्या माणसाला सांगायचा, जरा थांबा, बाहेर आवाज आहे.