साडूंचा कोट आणि चार देश

अणुसुरक्षेच्या प्रशिक्षण केंद्रातले प्लंबरकाका कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण शेजारच्या चार देशांची पथकं एकत्र सरावाला आली आणि त्याच दिवशी रुग्णाचं काम करणारा माणूस खराखुरा आजारी पडला. संचालकबाई गळका नळ दाखवायला आल्या होत्या, त्यांनी नळ सोडून काकांनाच धरलं. अंगावर किरणोत्सारी धूळ उडाली आहे असं समजून काकांनी दुपारी नुसतं बेशुद्ध पडायचं होतं.

काका जेवायला घरी गेले तेव्हा काकूंनी सुनावलं की पाहुण्यांसमोर त्या तेलकट शर्टात बेशुद्ध पडलात तर माझी काय शोभा राहील. त्यांनी बहिणीकडून तिच्या नवऱ्याचा लग्नातला कोट मागून आणला. साडूंनी कोट दिला खरा, पण सुरकुतीसुद्धा पडता कामा नये असं बजावून.

भोंगा वाजला. काका अंगणात उताणे पडले. पांढऱ्या पोशाखातली माणसं धावत आली, त्यांनी श्वास तपासला, किरणं मोजायचं यंत्र अंगावरून फिरवलं. मग शेजारच्या देशाच्या डॉक्टरीणबाईंनी भलीमोठी कात्री काढली. वरचे कपडे कापून काढले की बरीचशी धूळ त्यांच्याबरोबरच जाते.

कात्री बाहीला लागताच बेशुद्ध रुग्ण उठून बसला.

"थांबा बाई, साडूंचा आहे," काका म्हणाले. त्यांनी बटणं सोडली, कोट उतरवला, नीट घडी घातली आणि पुन्हा डोळे मिटून पडले.

सगळे दुभाष्याकडे वळले. दुभाष्या 'साडू' या शब्दापाशी अडकला. शेवटी त्यानं सांगितलं की कोट आणखी एका माणसाचा आहे. मग त्या माणसालाही धूळ लागली असणार, असं म्हणून एका पथकानं आपली दोन माणसं त्याला आणायला पिटाळली.

साडूंचं चपलांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. ते गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल चढवत होते, तेवढ्यात पांढऱ्या पोशाखातल्या दोघांनी त्यांना उचलून आणलं आणि डोक्यापासून पायापर्यंत साबणानं घासलं. चादर गुंडाळून बाहेर आले, तर समोर त्यांचा कोट धूळ लागलेल्या कपड्यांच्या पिवळ्या पिशवीत बंद होत होता. त्यांनी काकांकडे जे पाहिलं, त्यानं काका खरोखरच बेशुद्ध पडायचे बाकी राहिले.

संध्याकाळच्या बैठकीत भांडण जुंपलं. बेशुद्ध माणूस कोटाची घडी घालतो, तर पथकाला गुण द्यायचे कसे? चहात साखर किती यावरही न जमणारे चारी प्रमुख तावातावानं बोलत होते. अखेर डॉक्टरीणबाईंनी दुभाष्याला पुढं केलं.

"आमच्या धड्यांतला रुग्ण गप्प पडून असतो," त्या म्हणाल्या. "खऱ्या रुग्णाला साडू असतो."

यावर मात्र एकमत झालं. पिशवी उघडून कोट परत दिला आणि पुढच्या वर्षी डॉक्टरीणबाईंच्या देशात होणाऱ्या सरावाला दोघांनाही बोलावलं.

तिथं प्रवासानं दमलेले काका स्ट्रेचरवर पडताक्षणी घोरायला लागले. बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा राहावा म्हणून पथकानं त्यांना अलगद कुशीवर वळवलं आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. शेजारच्या स्ट्रेचरवरचे साडू मात्र दुभाष्याकडे तक्रार करत होते, की आपल्याकडे अजून कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही.