दादांच्या वर्षश्राद्धाला दाखवलेलं युद्ध

माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला सत्तावीस माणसं मारली गेली आणि त्यातल्या एकालाही मी वाचवू शकलो नाही. (पडद्यावर. पण आमच्या आत्याला हे अजूनही पटलेलं नाही.)

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. एकाहत्तरच्या लढाईत ते लष्कराची गाडी चालवत होते. त्याबद्दल त्यांनी मला आयुष्यभरात जे सांगितलं, ते एवढंच: "गाडी चालवली." मी कॉलेजात ग्रंथपाल. युद्धावरची पुस्तकं शेकड्यांनी वाचली, युद्धाची भीषणता दाखवणारे जगभरचे चित्रपट पाहिले, त्यांच्यावर चार ठिकाणी लेखही लिहिले. पण माझ्या घरात बसून कढीभात खाणाऱ्या माणसाने युद्धात काय पाहिलं, ते मला माहीत नव्हतं. आता विचारायला दादाच राहिले नव्हते. राहिले होते दिंडोरीचे सुभेदारकाका. लढाईत दादांबरोबर एकाच रस्त्यावर गाडी चालवलेले ते एकटेच. दोघं भेटले की तासन्‌तास बोलत. पण द्राक्षावरच्या औषधांवर. लढाईचा विषय मी काढला की काका म्हणायचे, "बापू, यंदा भुरीचा रोग लय हाय."

तेव्हा मी एक बेत केला. वर्षश्राद्धाला काका येणारच. जेवणाआधी सोसायटीच्या हॉलमध्ये एक चांगला, खरा, अंगावर येणारा युद्धपट दाखवायचा. तो पाहून काकांच्या मनाचं झाकण उघडेल आणि दादांची गोष्ट मला मिळेल. (माणसाचं मन म्हणजे लोणच्याची बरणी, असा माझा तेव्हा समज होता.)

"त्यापेक्षा फोटोंचा व्हिडिओ करा ना," बायको म्हणाली. "सगळे करतात. मागे बासरी, पुढे फोटो. दहा मिनिटांत डोळ्यांत पाणी, अकराव्या मिनिटाला पंगत."

"त्यात कला कुठे आहे?"

"पंगतीला कला लागत नाही हो. गरम भजी लागतात!"

मी ऐकलं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर मजकूर टाकला: 'दादांच्या प्रथम पुण्यस्मरणानिमित्त युद्धपट. सकाळी अकरा वाजता. नंतर भोजन.' एका वाक्यात दादा आणि चित्रपट शेजारी बसवले की काय होतं, याची मला कल्पना नव्हती. आमच्याकडे हल्ली प्रत्येक वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाचा व्हिडिओ असतोच. त्यामुळे सगळ्या खानदानाने एकच अर्थ काढला. बापूने दादावर पिक्चर काढला!

नामपूरहून आत्या आली ती हाताएवढा जाड हार घेऊन. दादांची ही धाकटी बहीण, वय सत्तरच्या घरात, आवाज पंचविशीतला. तिने हॉलमध्ये पाऊल टाकलं, दादांच्या फोटोला आधीच कोणाचा तरी हार पाहिला, आणि आपला हार सरळ पडद्याच्या कोपऱ्यावर अडकवला. मग पडद्याला वाकून नमस्कार केला. तिच्यामागे रांग लागली. मला वाटलं, चित्रकलेबद्दल नाही तरी चित्रपटकलेबद्दल आपल्या समाजात हा आदर अजून शिल्लक आहे. मला भरून आलं! त्या भरात मी प्रास्ताविक केलं. सतरा मिनिटं. युरोपातले खंदक, कॅमेऱ्याची मांडणी, मौनाचा वापर. सुभेदारकाका दुसऱ्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. (चिंतन, असं मी समजलो.)

चित्रपट सुरू झाला. काळापांढरा, परदेशी, खाली इंग्रजी अक्षरं. चिखल, खंदक, बर्फ, पोरसवदा सैनिक.

"जुना शे," आत्या खुशीत म्हणाली. "तव्हा फोटो असेच निघायचे."

मग कुजबुज. मग उघड चौकशी.

"दादा कुठला यातला?"

"तो टोपीवाला?"

"सगळेच टोपीवाले आहेत!"

"तो! तो पाठमोरा! चाल बघ, चाल!"

तेवढ्यात पडद्यावर एक लांब नाकाचा सैनिक वळला आणि आत्या उभीच राहिली. "हाऊच! हाऊच मना भाऊ शे!"

मी वाकून वाकून तिच्या खुर्चीपर्यंत गेलो. "आत्या, हा दादा नाही. हा तिकडचा नट आहे."

"नाक कोनाचं शे ते?"

"नाक... असेल सारखं. पण हा गोरा आहे, आत्या!"

"बर्फात उभा शे ना तो? तू काळा राहशील का?"

"अगं, ही लढाई वेगळी. दादांचा तर जन्मसुद्धा झाला नव्हता!"

"जन्म तर तुना नव्हता झाला तव्हा," आत्या म्हणाली. "गप बस. पाहू दे."

युद्धपटांवर चार लेख लिहिलेल्या माणसाला सगळा हॉल "अहो, बसा की खाली!" म्हणून ओरडत होता. मी खाली बसलो.

मग त्या लांब नाकाच्या सैनिकाने आपल्या वाट्याचा पाव अर्धा मोडून शेजारच्याला दिला. झालं! उरलासुरला संशयही फिटला. "दादाच!" "असाच होता हो!" "मला एकदा चालू स्कूटरवरून उतरून छत्री दिली होती!" माझी बायकोसुद्धा पदराने डोळे टिपत होती. मी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला माहितीये हो," ती म्हणाली, "पण पाव बघा ना कसा दिला!"

आता पुढे छावणीतल्या दवाखान्याचा प्रसंग येणार होता. इथे मला एक कबुली दिली पाहिजे. हा चित्रपट मी नऊ वेळा पाहिला होता. त्या प्रसंगातल्या क्रौर्याच्या संयत चित्रणावर माझा एक अख्खा परिच्छेद छापून आलेला आहे. पण तो प्रसंग मी कधीच पाहिलेला नव्हता. लॅपटॉपवर दर वेळी तिथे बोट दाबून मी पुढे जातो. परिच्छेद मी इतरांचे लेख वाचून लिहिला! आणि इथे भिंतीएवढा पडदा होता, पुढे जायला बोट ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरने करवत उचलली.

"जरा भज्यांचं बघून येतो," मी पुटपुटलो आणि बाहेर पडलो.

हॉलमागे आचाऱ्याची कढई होती, तिच्यापलीकडे पाण्याची टाकी. टाकीला टेकून मी डोळे मिटून उभा राहिलो. आतून तोफा ऐकू येत होत्या. मग आत्याचा हंबरडा. मग सगळ्या हॉलचा. मी ओळखलं, लांब नाकाचा गेला. दादा वर्षभरात दुसऱ्यांदा गेले, आणि पहिल्यापेक्षा जास्त रडणारे घेऊन गेले.

आणि एकाएकी सगळं शांत झालं. तोफा नाहीत, रडणं नाही. मी म्हटलं, वीज गेली. देवाचे आभार मानले, आणि वीज येईपर्यंत कशाला आत जायचं म्हणून आचाऱ्यापाशी थांबलो.

"मीठ बघा बरं, साहेब," आचारी म्हणाला.

मी एक भजं खाल्लं. मीठ बरोबर होतं. खात्री करायला आणखी दोन खाल्ली. चांगली वीस मिनिटं मी मिठाची खात्री करत होतो.

आत गेलो तेव्हा पंखे फिरत होते. वीज गेलीच नव्हती. पडदा तेवढा काळा होता. सगळ्यांचे डोळे लाल, आत्या सुभेदारकाकांचा हात धरून बसलेली, आणि काका टोपीने नाक पुसत होते.

"ऐकलंत ना?" बायकोने विचारलं.

"काय?"

"अहो, काका उठले, पिक्चर बंद करा म्हणाले. आत्यांना म्हणाले, 'आक्का, रडू नका, त्यो दादा नाय. दादा काय करत व्हता ते मी सांगतो.' आणि सांगितलं की सगळं! तुम्ही कुठे होतात?"

पोट बिघडलंय, असं मी सगळ्यांना सांगितलं. माझ्या ओठाला भज्याचा चुरा होता, हे मला संध्याकाळी आरशात कळलं.

तेव्हापासून मी माझ्या वडिलांची गोष्ट दारोदार गोळा करतो आहे. येवल्याचा चुलतभाऊ सांगतो की दारूगोळा पोचवून परत येताना दादांनी गाडीत आठ जखमी घातले. बायको म्हणते अकरा. साडू म्हणतो की टायर फुटला होता. आमच्या सोसायटीचा चेअरमन म्हणतो की टायर नाही, पूल. आकडे कोणाचे जुळत नाहीत. एक गोष्ट मात्र सगळे तीच सांगतात. मागची जखमी मुलं जागी राहावीत म्हणून दादा रस्ताभर मोठमोठ्याने बोलत होते. कांद्याचं, बाजाराचं, गावच्या जत्रेचं. मागून उत्तर येणं एकेक करून कमी होत गेलं, तरी बोलत होते. घरी दिवसाला चार वाक्यं बोलणारे माझे दादा!

न राहवून एका रविवारी वही घेऊन मी दिंडोरीला गेलो. काका बागेत होते.

"काका, नेमके किती जण होते गाडीत?"

"बापू, एकदाच निघालं ते तोंडातून. पुन्हा नाय निघायचं." त्यांनी एक घड हातावर तोलून पाहिला. "तू बाहेर टाकीपाशी डोळे मिटून उभा व्हता. मी पायलं खिडकीतून."

मी वही मिटली.

"लाजू नको. पर आता आत्याला विचार. ती शेवटपर्यंत बसली व्हती."

घरी येऊन मी आत्याला फोन लावला. वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"सांगते ना, बापू," आत्या म्हणाली. "पन आधी खाली बस. आनि मधीच उठला तं मी फोन ठेवी देसू."

मी बसलो. तिने सुरुवात फार छान केली. रस्ता, धूळ, दादांची गाडी, सगळं मी भराभर लिहून घेतलं. मग दादांनी गाडीच्या मागची ताडपत्री उचलली, आणि आत काय दिसलं ते ती सांगू लागली.

"आत्या," मी म्हटलं, "एक मिनिट हं, दारावर कोणीतरी आलंय."

दारावर कोणीही नव्हतं. परत आलो तर फोनवरही कोणी नव्हतं.